स्केल मॉडेल कार कशी बनवतात? हत्यारांपासून पॉलिशपर्यंत सगळी माहिती

तुम्ही एखादा व्हिडिओ बघता. तळहातावर मावणारी कार, आरशासारखं चमकणारं बॉनेट आणि आत चक्क सीट बेल्टसुद्धा. मग तुम्हीही एक किट मागवता. रविवारी सकाळी बॉक्स उघडता आणि संध्याकाळपर्यंत गाडी चिकटवून, रंगवून मोकळे होता.

सोमवारी सकाळी बघता तर छतावर बोटाचा ठसा उमटलेला असतो, बॉनेट संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत झालेलं असतं आणि काचेवर पांढरट ढग जमलेला असतो.

स्केल मॉडेलिंगच्या छंदात नवीन आलेल्या बहुतेकांची पहिली गाडी अशीच होते. त्यानंतर बरेच जण महागडं एअरब्रश घेण्याचा विचार करतात किंवा छंदच सोडून देतात. खरं तर या तिन्ही चुका स्वस्त हत्यारांमुळे होत नाहीत. त्या होतात घाईमुळे आणि कुठला पदार्थ कुठे वापरायचा हे माहीत नसल्यामुळे.

कार मॉडेल बनवायला नेमकं काय लागतं, कामाचा क्रम काय असतो आणि घरात हे काम करताना तब्येतीची काय काळजी घ्यायची, हे समजून घेऊया.

स्केल म्हणजे काय?

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे, ते सांगणारा आकडा. १/२४ स्केल म्हणजे खऱ्या गाडीची २४ सेंटीमीटर लांबी मॉडेलवर १ सेंटीमीटर होते.

आपल्या ओळखीच्या गाड्यांवरून हिशोब करू. मारुती ८०० साधारण ३.३ मीटर लांब होती. १/२४ मध्ये ती सुमारे १४ सेंटीमीटरची होईल. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी साधारण ३.९ मीटरची, म्हणजे मॉडेल सुमारे १६ सेंटीमीटरचं होईल.

नेहमी दिसणारे स्केल असे:

- १/६४ : हॉट व्हील्ससारख्या छोट्या गाड्या. इथे स्केल अंदाजे असतो.
- १/४३ : हा आकार 'ओ' गेजच्या मॉडेल रेल्वेसोबत आला. संग्राहकांमध्ये लोकप्रिय.
- १/२४ आणि १/२५ : जोडायच्या प्लास्टिक किटचा सर्वात प्रचलित आकार.
- १/२० : फॉर्म्युला वन गाड्यांच्या किटसाठी नेहमी वापरला जातो.
- १/१८ : तयार मिळणारी मोठी धातूची मॉडेल्स.
- १/१२ : मोठी, महाग आणि खूप बारकावे असलेली किट्स.

पहिल्यांदा बनवणार असाल तर १/२४ किंवा १/२५ घ्या. भाग हातात धरण्याइतके मोठे असतात आणि किट्सची निवडही इथेच सगळ्यात जास्त आहे.

१/२४ आणि १/२५ असे दोन जवळजवळ सारखे आकार का?

याचं उत्तर अमेरिका आणि जपान या दोन देशांत आहे.

अमेरिकेत १९४८ साली एएमटी ही कंपनी सुरू झाली. ती कार डीलर्ससाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. शोरूममध्ये ग्राहकाला दाखवायला किंवा भेट द्यायला त्या वापरल्या जात. पुढे या प्रतिकृतींसाठी रूढ झालेला १/२५ हा आकारच किटमध्येही आला. १९५८ पासून एएमटीने 'थ्री इन वन' किट आणली. एकाच बॉक्समधून कंपनीतून निघते तशी गाडी, सजवलेली गाडी किंवा रेसिंग गाडी बनवता यायची. म्हणूनच आजही अमेरिकन गाड्यांची बरीच किट्स १/२५ मध्ये दिसतात.

जपानमध्ये शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली. आधी लाकडी मॉडेल्स, मग १९६० साली पहिलं प्लास्टिक मॉडेल, यामातो युद्धनौकेचं. १९६७ साली तिने होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं १/१२ किट आणलं. १९७६ च्या पोर्शे ९३४ किटच्या वेळी तर शुनसाकू तामिया यांनी अभ्यासासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी केली होती. जपानी आणि युरोपीय कंपन्यांच्या कार किटसाठी १/२४ हा आकार रूढ झाला.

विमान, रणगाड्यापेक्षा कार अवघड का?

रणगाडा मॅट रंगाचा असतो. त्यावर चिखल, धूळ, गंज दाखवला जातो. जोड नीट बसला नसेल किंवा रंगात कचरा अडकला असेल, तरी तो चिखलाखाली लपवता येतो. लढाऊ विमानाचंही बऱ्यापैकी तसंच.

कारचं तसं नाही. नवी गाडी चकचकीत असते आणि चकचकीत पृष्ठभाग काहीच लपवत नाही. उलट प्रत्येक दोष उठून दाखवतो.

इथे पुन्हा २४ चा पाढा कामाला येतो. रंगात ०.२ मिलिमीटरचा धुळीचा कण अडकला, तर खऱ्या गाडीच्या मापात तो जवळपास ५ मिलिमीटरचा झाला. म्हणजे बॉनेटवर हरभऱ्याची डाळ चिकटल्यासारखं. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाड असल्यासारखा दिसेल. दारांच्या रेषा बुजतील आणि गाडी खेळण्यातली वाटायला लागेल.

म्हणून कार मॉडेलमध्ये चिकटवणं हे सोपं काम आहे. खरी परीक्षा बॉडीची तयारी आणि रंग यांची असते.

किटच्या बॉक्समध्ये काय असतं?

बहुतेक किट पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या असतात. सगळे भाग एका चौकटीला लहान काड्यांनी जोडलेले असतात. या चौकटीला 'स्प्रू' म्हणतात. शिवाय असतात ते असे:

- एकसंध साच्यातून काढलेली बॉडी
- काचांसाठी पारदर्शक प्लास्टिक
- बंपर, आरसे यांसाठी क्रोमचा मुलामा दिलेले भाग
- रबरासारख्या मऊ पदार्थाचे टायर
- पाण्यात भिजवून लावायची चित्रं, म्हणजे डेकल
- पायऱ्या दाखवणारं माहितीपत्रक

महागड्या किटमध्ये पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यातून कोरलेले भागही मिळतात. त्यातून जाळ्या, वायपर, ब्रेक डिस्क हुबेहूब होतात. पण पहिल्या गाडीसाठी त्यांच्या मागे लागू नका. ते वाकतात, हरवतात आणि प्लास्टिकच्या गोंदाने चिकटत नाहीत.

एक महत्त्वाची गोष्ट. रंग आणि गोंद सहसा किटमध्ये येत नाहीत. त्यामुळे बजेट ठरवताना ते वेगळे धरा. किट परदेशातून येत असेल तर वाहतूक आणि आयात शुल्कही मोजा.

कोणती हत्यारं घ्यायची, कोणती नंतर?

आधी घ्यायची हत्यारं:

निपर. म्हणजे एका बाजूने सपाट धार असलेली छोटी कटिंग पकड. भाग स्प्रूपासून कधीही हाताने तोडू किंवा पिळू नका. प्लास्टिक फाटून भागातच खड्डा पडतो.

ब्लेड. ११ नंबरचं टोकदार ब्लेड. मॉडेलिंगची सुरी नाही मिळाली तर सर्जिकल साहित्याच्या दुकानात ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेड मिळतात. बोथट ब्लेडवर जास्त जोर द्यावा लागतो आणि बोट त्यानेच कापतं. वापरलेली ब्लेड गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाका, कचऱ्यात उघडी नको.

वॉटर पेपर. पाणी लावून घासायचा हा कागद हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सहज मिळतो. ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर घ्या. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक.

चिमटा. एक सरळ, एक वाकडा.

मास्किंग टेप. मॉडेलिंगचा पातळ टेप घ्या. भिंतींच्या रंगकामाचा टेप जाड असतो, त्याच्या कडेखाली रंग झिरपतो.

घरातल्या वस्तू. टूथपिक, कपड्यांचे चिमटे, जुना टूथब्रश, इअरबड, रिकामी पाण्याची बाटली आणि एक मोठा प्लास्टिकचा डबा. डब्याचं काम पुढे येईलच.

नंतर घ्यायची हत्यारं: बारीक कानस, रेषा खोल करायचं स्क्रायबर, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि शेवटी कंप्रेसरसह एअरब्रश.

एअरब्रशने पातळ आणि एकसारखा थर देता येतो, रंग मिसळता येतात. त्यासाठी ०.३ मिलिमीटरची सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब हे सुरुवातीला पुरेसं असतं. रंग दुधाइतका पातळ करावा लागतो आणि प्रत्येक वापरानंतर हत्यार खोलून धुवावं लागतं. पण पहिल्या दोन-तीन गाड्या चांगल्या स्प्रे कॅनने उत्तम होतात.

कुठल्या भागाला कुठला गोंद?

काचेवरचा तो पांढरा ढग आठवतोय? तो चुकीच्या गोंदाचा परिणाम होता.

प्लास्टिक सिमेंट. खरं तर हा गोंद नाहीच. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होतात. पातळ सिमेंट वापरताना आधी दोन भाग जुळवून धरा आणि मग जोडावर फक्त ब्रश टेकवा. ते आपोआप फटीत ओढलं जातं. जोडावर बोट ठेवलं असेल तर बोटाखालीही ओढलं जातं आणि ठसा कायमचा उमटतो. रंगलेल्या किंवा क्रोमच्या पृष्ठभागावर ते नीट काम करत नाही. तिथे जोडापुरता थर खरवडावा लागतो.

सुपरग्लू. फेविक्विक याच प्रकारातला. धातू, रेझिन आणि रबर यांसाठी चांगला. पण त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरा ढग तयार होतो. काचेजवळ तो अजिबात नको.

पांढरा गोंद. फेविकॉलसारखा पाण्यात मिसळणारा. सुकल्यावर बराच पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या इअरबडने पुसता येतो. काचा आणि हेडलाइट यांसाठी हाच वापरा.

दोन भागांचा इपॉक्सी. अॅराल्डाइटसारखा. जड धातूच्या भागांसाठी.

गाडी बनवण्याचा क्रम काय?

माहितीपत्रकात पहिली पायरी अनेकदा इंजिन किंवा चॅसी असते. अनुभवी मॉडेलर मात्र बॉडी आधी हातात घेतात, कारण तिला वाळायला दिवस लागतात. ती वाळेपर्यंत इंजिन, चॅसी, सीट यांचं काम होतं.

१. धुणं. साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेल्या पदार्थाचा तेलकट थर प्लास्टिकवर राहू शकतो. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने स्प्रू आणि बॉडी धुवा, हवेवर सुकू द्या.

२. सुकी जुळणी. गोंद न लावता बॉडी, चॅसी, सीटचा भाग आणि काचा एकमेकांत बसवून बघा. अडथळा आत्ताच कळला पाहिजे. रंग झाल्यावर घासायची वेळ आली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

३. साच्याची रेघ काढणं. बॉडीचा साचा अनेक तुकड्यांचा असतो. ते जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. ती सहसा मडगार्डवरून आणि छताच्या खांबांवरून जाते. कच्च्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, पण चकचकीत रंगावर ठळक दिसते. ब्लेड उभं धरून हलकं खरवडा, मग ६०० आणि १००० च्या वॉटर पेपरने घासा. खड्डे असतील तर मॉडेलिंगची पुट्टी भरा. आपले रंगारी जशी लांबी भरतात, तसंच हे काम आहे, फक्त टूथपिकच्या टोकावर.

४. रेषा खोल करणं. दार, बॉनेट, डिकी यांच्या रेषांमध्ये प्राइमर, रंग आणि क्लिअर असे तीन पदार्थ जाणार आहेत. रेषा उथळ असतील तर बुजतात. ब्लेडच्या मागच्या बाजूने किंवा स्क्रायबरने जोर न देता चार-पाच वेळा रेष गिरवा.

५. प्राइमर. प्राइमरमुळे रंग धरतो आणि राहिलेले दोष दिसतात. राखाडी प्राइमर मारा, वाळू द्या, तिरप्या उजेडात बघा. रेघ दिसली तर घासून पुन्हा प्राइमर. ही पायरी दोनदा-तीनदा करावी लागली तरी तो वेळ वाया जात नाही. पांढऱ्या आणि पिवळ्या गाडीसाठी पांढरा, लालसाठी गुलाबी प्राइमर चांगला. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल, तर लाल रंग वर झिरपू शकतो. अशा वेळी आधी चंदेरी रंगाचा एक थर देतात.

६. मूळ रंग. बाटलीच्या तोंडाला मास्किंग टेपची उलटी गुंडाळी लावून बॉडी तिच्यावर बसवा. बाटलीत थोडं पाणी भरा म्हणजे ती कलंडणार नाही. स्प्रे कॅन १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. त्याने दाब सुधारतो आणि फवारा बारीक होतो. उकळतं पाणी किंवा गॅसची आच कधीही नको, कॅन फुटू शकतो.

कॅन २० ते २५ सेंटीमीटर लांब धरा. फवारा बॉडीच्या आधी सुरू करा आणि बॉडी ओलांडल्यावर थांबवा. पहिला थर इतका हलका की खालचं प्राइमर दिसत राहील. १०-१५ मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थरात झाकण्याचा मोह टाळा.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग होतो तो फवारा फार लांबून मारल्यामुळे किंवा रंग घट्ट असल्यामुळे. थेंब वाहेपर्यंत बसतो तो फार जवळून मारल्यामुळे.

रंगवून झाल्यावर मोठा डबा उलटा झाकून ठेवा आणि खोलीतून बाहेर या. धूळ बसत नाही आणि बोट लावायचा मोहही होत नाही.

७. डेकल. चित्र कापून २०-३० सेकंद कोमट पाण्यात भिजवा. कागदावरून घरंगळायला लागलं की जागेवर सरकवा आणि ओल्या इअरबडने मधून बाहेर पाणी काढा. वळणावर बसत नसेल तर डेकल मऊ करणारं द्रावण मिळतं. ते लावल्यावर चित्र थोडा वेळ सुरकुततं. घाबरू नका आणि हातही लावू नका, सुकताना ते आपोआप ताणलं जातं.

८. क्लिअर कोट. डेकलवर पारदर्शक थर द्यायचा. पहिले दोन थर अगदी हलके, कारण लॅकरचा ओला थर डेकल खाऊ शकतो. नंतर दोन-तीन भरदार थर.

९. पॉलिश. खरी चमक इथे येते. रंग पूर्ण सुकला का, हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे वास. नाकाजवळ नेल्यावर रंगाचा वास येत असेल तर तो अजून वाळतोय. लॅकरला काही दिवस, इनॅमलला काही आठवडे लागू शकतात. मग २००० आणि ३००० नंबरच्या पेपरने पाणी लावून हलकं घासा आणि मऊ कापडाने पॉलिशिंग कंपाउंड लावा. आधी जाड, मग बारीक. कडांवर रंग सर्वात पातळ असतो, त्यामुळे तिथे घासू नका. मेटॅलिक रंग असेल तर फक्त क्लिअर घासायचा, रंग नाही.

१०. बारकावे. दारांच्या रेषांमध्ये पातळ गडद रंग सोडला तर त्या खोल वाटतात. लाल किंवा पांढऱ्या गाडीला राखाडी किंवा तपकिरी वापरा, काळा भडक दिसतो. खिडक्यांच्या चंदेरी पट्ट्यांसाठी चिकट पाठ असलेली अतिशय पातळ फॉइल मिळते. ती लावायची, टूथपिकने दाबायची आणि नव्या ब्लेडने कडा कापायच्या. टायरच्या मधली साच्याची रेघ पेपरने घासली की चकाकी जाते आणि टायर रस्त्यावर चालल्यासारखे दिसतात.

रंगांची एक गोष्ट पाठच करा

मॉडेलचे रंग ढोबळमानाने तीन प्रकारचे: लॅकर, इनॅमल आणि पाण्याचे अॅक्रिलिक. लॅकरचा थिनर सर्वात तीव्र असतो. त्यामुळे नियम असा की लॅकरवर इनॅमल किंवा अॅक्रिलिक चालतं, पण इनॅमलवर लॅकर चालत नाही. खालचा थर सुरकुततो आणि सगळी बॉडी वाया जाते.

आपल्याकडे गाड्यांचा आणि फर्निचरचा रंग 'ड्युको' म्हणून मिळतो. त्यातला थिनर पॉलिस्टायरीनसाठी फार कडक ठरू शकतो. वापरायचाच असेल तर आधी प्राइमर द्या आणि स्प्रूच्या तुकड्यावर करून बघा. नवीन रंग कुठलाही असो, पहिला फवारा बॉडीवर नको.

पावसाळ्यात रंगवावं का?

मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी हा मोठा प्रश्न आहे. दमट हवेत लॅकर मारलं की द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर जमतं. रंग दुधाळ होतो. हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर असेल तर चकचकीत रंग टाळलेलाच बरा.

म्हणून बरेच जण जून ते सप्टेंबरमध्ये घासकाम, इंजिन आणि सीट उरकतात आणि बॉडीचा रंग दिवाळीनंतर काढतात. थांबायचं नसेल तर एसीमुळे कोरड्या झालेल्या खोलीत रंगवता येतं, पण वाफ बाहेर काढायची सोय हवीच.

तब्येतीची काळजी: हे वगळू नका

हा छंद अनेकदा बेडरूमच्या कोपऱ्यात चालतो आणि त्याच खोलीत घरचे झोपतात. त्यामुळे हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

- मास्क. सर्जिकल मास्क किंवा एन-९५ रंगाची वाफ अडवत नाही. एन-९५ धुळीसाठी चांगला. स्प्रे, लॅकर आणि थिनरसाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कार्बन काडतुसाचा मास्क लागतो.
- हवा. खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असावा. छताचा पंखा वाफ बाहेर काढत नाही, फक्त खोलीभर फिरवतो.
- आग. स्प्रे आणि थिनर पेट घेतात. जवळ गॅस, देवघरातला दिवा किंवा अगरबत्ती चालू नको.
- घासणं. पाणी लावून घासा, धूळ हवेत उडत नाही. रेझिनच्या भागांसाठी हे तर आवश्यकच.
- त्वचा आणि डोळे. न सुकलेल्या थ्रीडी रेझिनला उघडा हात लावू नका, नायट्राइल हातमोजे घाला. कापताना तुकडा उडतो, म्हणून चष्मा वापरा.
- सुपरग्लू. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा.
- मुलं. दहा-बारा वर्षांचं मूल मोठ्यांसोबत निपर आणि पेपर छान वापरतं. ब्लेड, सिमेंट आणि स्प्रे मात्र मोठ्यांच्या हातात आणि कुलपात.

बिघडलं तर काय करायचं?

बहुतेक चुका दुरुस्त होतात. फक्त ओल्या रंगाला हात लावायचा नाही.

- कचरा किंवा ठसा: पूर्ण वाळू द्या, १५०० किंवा २००० ने घासा, पुन्हा हलका थर द्या.
- संत्र्याची साल: वाळल्यावर घासून सपाट करा, मग पॉलिश.
- रंग वाहिला: आठवडाभर थांबा, तेवढाच भाग घासा.
- दुधाळपणा: कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा हलका थर दिला तर अनेकदा जातो.
- सगळंच फसलं: पाण्याचं अॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून बरंच काढता येतं. आधी नको असलेल्या भागावर तपासा.

हव्या त्या गाडीचं किटच नसेल तर?

किट बाजारात मोठा वाटा जपानी, युरोपीय आणि अमेरिकन गाड्यांचा आहे. आपल्या आठवणीतल्या गाड्या त्यात क्वचित सापडतात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ मध्ये शहराच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. अशी गाडी शेल्फवर हवी असेल तर ती बहुधा स्वतःच घडवावी लागते.

त्याचे तीन रस्ते आहेत. पहिला, पुठ्ठा, सनबोर्ड आणि प्लास्टिकच्या शीटमधून शून्यापासून बनवणं. महाराष्ट्रात एसटीच्या लालपरीच्या प्रतिकृती अशाच हाताने बनवणारे हौशी कलाकार आहेत. बसच्या सपाट बाजूंना हे साहित्य चांगलं जमतं, गोलसर कारला मात्र कठीण जातं.

दुसरा, रेझिनचं थ्रीडी प्रिंटिंग. त्यात गोलाई मिळते, पण थरांच्या रेषा घासाव्या लागतात, म्हणजे तयारीचं काम वाढतं.

तिसरा, तयार खेळण्यातली गाडी सुटी करून पुन्हा रंगवणं. सरावासाठी हा सर्वात स्वस्त मार्ग. चुकलं तरी फार पैसे जात नाहीत.

कुठलाही रस्ता घ्या, आधी खऱ्या गाडीचे समोरून, मागून आणि बाजूने फोटो आणि मापं गोळा करा. लांबी, रुंदी, उंची आणि दोन चाकांमधलं अंतर, या चार मापांना २४ ने भागलं की मॉडेलचा सांगाडा कागदावर उभा राहतो.

पहिल्या गाडीसाठी साधं वेळापत्रक

- पहिला आठवडा: धुणं, सुकी जुळणी, रेघा काढणं, प्राइमर.
- दुसरा आठवडा: बॉडीचा रंग. ती डब्याखाली. तोवर चॅसी आणि सीट.
- तिसरा आठवडा: डेकल आणि क्लिअर. इंजिन आणि चाकं.
- चौथा आठवडा: बॉडीला हात लावू नका. काचांच्या कडा रंगवा.
- पाचवा आठवडा: पॉलिश, फॉइल, काचा आणि शेवटची जोडणी.

पहिल्यांदा गडद निळा किंवा काळा रंग टाळा, त्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. पांढरा, क्रीम किंवा फिकट राखाडी घ्या. गाड्याही कमी भागांच्या निवडा. इंजिन नसलेली, फक्त बाहेरून दिसणारी 'कर्बसाइड' किट्स त्यासाठीच चांगली.

रविवारी सुरू केलेली गाडी रविवारी संपवायची नाही, एवढं ठरवलं तरी सुरुवातीला सांगितलेल्या चुका बऱ्याच टळतात. डब्याखालची बॉडी सुकत असताना बघावीशी वाटेल. झाकण उचलू नका, तोवर सीट रंगवायला घ्या.